सहाने भागलेली मैफल

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

"मी ४८ वर्षांची. ग्वाल्हेरला लष्कर भागात राहते, शाळेत गणित शिकवते. दोन वर्षांपूर्वी आई गेली आणि तिची चैत्रगौरीच्या आराशीची ट्रंक माझ्याकडे आली. त्यात सात कापडी बाहुल्या आणि जुन्या चंदेरी साड्यांचे तुकडे निघाले. मुलीची एक बार्बी घरात होतीच. मेळ्यात मला पाच इंची लाकडी सतार, अडीच इंच उंचीचा पितळी तबला-डग्गा आणि एक चिमुकली बाजाची पेटी मिळाली. तेव्हापासून रविवारी दुपारी मी बाहुल्यांची मैफल मांडते आणि मोबाइलवर फोटो काढते. तीनशेच्या वर फोटो झाले, पण एकही मनाला येत नाही. सगळे दुकानाच्या शोकेससारखे दिसतात. आमच्या वन्सं माधव संगीत महाविद्यालयात शिकल्या आहेत, पुढे बरीच वर्षं त्यांनी गाण्याच्या शिकवण्या केल्या. फोटो बघून त्या म्हणाल्या, 'ग्वाल्हेरात राहून गाणं शिकायचं सोडून वाद्यांची ही थट्टा कशाला?' त्या दिवसापासून मांडामांड बंद आहे. मी हे सोडून द्यावं का? आणि करायचंच असेल तर साठ हजारांचा कॅमेरा घ्यावा का?"
— गौरीची ट्रंक, लष्कर

प्रिय ताई,

कॅमेरा घेऊ नका. निदान वर्षभर तरी नको. तुमच्या फोटोंत जे कमी पडतंय ते कॅमेऱ्याने भरून निघणारं नाही, आणि जे लागणार आहे ते तुमच्या घरात आहे.

तुम्ही सोबत पाठवलेले अकरा फोटो मी मोठे करून, पुन्हा पुन्हा पाहिले. शेवटच्या फोटोबद्दल आधी बोलते, कारण तुमचं दुखणं तिथे आहे. बार्बी उभी आहे, सतार गिटारसारखी आडवी धरली आहे आणि एक पाय डग्ग्यावर ठेवला आहे. त्या एका फोटोबद्दल वन्संचं बरोबर आहे. ज्यांनी दर दसऱ्याला तंबोऱ्याला हळदकुंकू वाहिलं, चुकून पाय लागला तर हात लावून नमस्कार केला, त्यांना डग्ग्यावरचा पाय बोचणारच. बाहुलीचा असला तरी बोचणार. तुमच्या मनात थट्टा नव्हती हे पत्रावरून कळतं, पण पाहणाऱ्याला तुमचं मन दिसत नाही, पाय दिसतो. तो फोटो काढून टाका. बाकीच्या दहांत थट्टा कुठेही नाही. त्यात फक्त वाद्यं नीट न पाहिल्याच्या खुणा आहेत, आणि त्या दुरुस्त होण्यासारख्या आहेत.

आता शोकेसचं. माझी आजी ग्वाल्हेरच्या बाडा चौकाजवळच्या वाड्यात चैत्रगौर मांडायची. पायऱ्यांवर बाहुल्या, कैरीची डाळ, पन्हं, सगळं साग्रसंगीत. एका वर्षी मी बाहुल्या दाराकडे तोंड करून बसवल्या, येणाऱ्या बायकांना त्यांचे चेहरे दिसावेत म्हणून. आजीने एकेक बाहुली उचलली आणि गौरीकडे वळवली. म्हणाली, "या गौरीला बघायला आल्यात, आपल्याला नाही." बायका आल्या, बाहुल्यांची पाठ बघून झाली, आणि मग प्रत्येकजण वाकून त्या काय बघताहेत ते बघू लागली.

तुमच्या दहाही फोटोंत सगळ्या बाहुल्या कॅमेऱ्याकडे बघताहेत. दुकानातल्या बाहुल्या तशाच बघतात, गिऱ्हाइकाकडे. मैफलीत कोणी असं बसत नाही. तबलजीचं लक्ष गाणाऱ्याच्या हाताकडे असतं, पेटीवाला कान देऊन मान कलती करतो, श्रोत्यांतला एखादा डोळे मिटून बसलेला असतो. प्रत्येक बाहुलीच्या नाकापासून एक दोरा ताणून बघा: तो कुठे जाऊन पोचतो? कोणाच्या हाताकडे, वाद्याकडे की दुसऱ्या बाहुलीच्या चेहऱ्याकडे? तो तुमच्या मोबाइलकडे येत असेल तर मान वळवा. आणि आठही जणींच्या हाती वाद्य देऊ नका. एकीला वाजवू द्या, एकीला साथ करू द्या, बाकीच्यांना ऐकू द्या. ऐकणारं कोणी नसेल तर फोटोत वाद्यं दिसतील, गाणं दिसणार नाही.

तुम्ही गणित शिकवता हे वाचून मला फार बरं वाटलं, कारण या छंदाचा अर्धा भार भागाकारावर आहे. बार्बी साडेअकरा इंचांची. तिला सहाने गुणलं की पावणेसहा फुटांची उंच बाई होते. म्हणून तिच्या जगात सगळ्याला सहाने भागायचं. खरी सतार साधारण चार फूट, तर तिची सतार आठ इंच हवी. खरा दायाँ (उजव्या हाताचा तबला) दहा-अकरा इंच उंच, तर तिचा पावणेदोन इंच. तुमची पाच इंची सतार तिच्या मांडीवर अडीच फुटांची होते, पोराला घेऊन दिलेल्या खेळण्यासारखी. आणि अडीच इंची तबला सव्वा फूट उंच होतो, घागरीएवढा. डोळा हे आकडे मांडत नाही, पण चूक त्याला लगेच कळते.

नवीन वाद्यं घ्यायची गरज नाही. तुमच्या कापडी बाहुल्या फोटोवरून आठेक इंचांच्या वाटतात. त्या पाच फुटी बायका धरल्या तर भाजक साडेसात येतो आणि तुमची सतार तीन फुटांच्या पुढे जाते. ती त्यांनाच द्या. तबला मोठा आहे तर तबलजीण थोडी मागे बसवा, सतारवाली कॅमेऱ्याच्या जवळ. मागचं लहान दिसतं आणि दोन्ही मापं जुळून येतात. इंच-इंच सरकवत बघा, एका जागी ते एकदम बसतं.

हाच भागाकार तुमच्या मोबाइललाही लागू आहे. आपण समोर बसलेल्या कलाकाराला साधारण तीन मीटरवरून बघतो. त्याचा सहावा भाग अर्धा मीटर. तुम्ही दहा सेंटीमीटरवर जाऊन फोटो घेतले आहेत, म्हणजे कलाकाराच्या नाकापासून दोन फुटांवर. म्हणून नाक मोठं, हात मोठे आणि वाद्य वाकडं आलं आहे. मागे सरका, दुप्पट झूम करा. मांडी घालून बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून अडीच फुटांवर असतात, म्हणजे बाहुलीचे पाच इंचांवर. तेवढ्या खाली भिंग न्यायचं तर मोबाइल उलटा धरा, भिंग जमिनीकडे येतं. मग त्याला वरवंट्याला टेकवून तीन सेकंदांचा टायमर लावा. उभं राहून वरून काढलेल्या फोटोत बाहुली कायम बाहुलीच राहते.

एक गोष्ट तातडीने बंद करा: पोर्ट्रेट मोड. सतारीच्या तारा त्याला ओळखू येत नाहीत, तुमच्या चौथ्या फोटोत त्याने अर्ध्या तारा पुसल्या आहेत. शिवाय मागचं सगळं धूसर झालं की पाहणाऱ्याला वाटतं, हे काहीतरी अगदी छोटं आहे. खरं शहर उंचावरून टिपून कडा धूसर केल्या तर ते खेळण्यातलं गाव दिसतं, आणि खेळण्यातल्या गावाला खरं दिसायचं असेल तर बरंचसं स्पष्ट राहावं लागतं. मोबाइलचं भिंग चिमुकलं असल्याने त्याला हे आपसूक जमतं. मोठ्या कॅमेऱ्याला त्यासाठी भिंगाचं छिद्र बारीक करावं लागतं, उजेड वाढवावा लागतो, कधी वेगवेगळ्या अंतरावर फोकस करून दहा-बारा फोटो जोडावे लागतात. साठ हजार वाचवा म्हटलं ते म्हणूनही.

सहाने न भागल्या जाणाऱ्या गोष्टी मात्र खऱ्या कसोटीच्या आहेत. कापड बघा. बाहुली लहान झाली तरी सूत तेवढंच जाड राहतं. तुम्ही बार्बीला नेसवलेल्या पैठणीच्या तुकड्याचा काठ तिच्या खांद्यापासून कोपरापर्यंत आला आहे, पदर पुठ्ठ्यासारखा उभा आहे. ट्रंकेतली चंदेरी वापरा. ती विरळ असते, बुट्टीही बारीक असते. तांदळाच्या पातळ पेजेत भिजवून, बाहुलीच्या अंगावरच निऱ्या बोटांनी बसवून, सुतळीने हलकं बांधून वाळू द्या. सुतळी काढलीत की पडलेली निरी दिसेल.

वजन त्याहून अवघड. लांबी सहा पट कमी झाली की वजन दोनशे सोळा पट कमी होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून तुमच्या बाहुल्या कापसाच्या गादीवर तरंगल्यासारख्या दिसतात, गादी जराही दबत नाही. गादीत कापसाऐवजी बारीक रवा किंवा धुतलेली वाळू भरा आणि बाहुली ठेवण्याआधी अंगठ्याने खळगा करा. डग्ग्याखाली चुंबळ हवीच. केसांचं रबर घेऊन त्यावर कापडाची पट्टी गुंडाळली की झाली. मी पहिल्यांदा अशी चुंबळ ठेवली तेव्हा तोवर हवेत असलेला डग्गा एकदम जमिनीवर आला, आणि मी तो फोटो किती वेळ बघत बसले.

उजेड एकाच बाजूने घ्या. जुन्या घराचा चौक असेल तर सकाळी दहाच्या सुमारास सावलीच्या बाजूला मांडा. नाहीतर खिडकीला बटर पेपर लावा आणि समोरच्या बाजूला पांढरं थर्मोकोल उभं करा. बार्बीच्या चेहऱ्यावर चमक येते, तिथे थोडी पावडर फिरवा. तिचं दात दाखवणारं हसू सतारीला शोभत नाही, मान खाली घालून तीन-चतुर्थांश वळवलीत तर ते सावलीत जातं. तुमच्या आईच्या बाहुल्यांना ही अडचणच नाही. दोऱ्याने काढलेले ते मिटल्यासारखे डोळे कुठेही बघू शकतात. मला विचाराल तर बार्बीला श्रोत्यांत बसवा आणि मैफल त्यांच्या हाती द्या.

आता वाद्यांकडे या, कारण वन्संना खरं काय खटकलं असेल ते इथे आहे. तुमच्या डग्ग्यावर शाई, म्हणजे तो काळा गोल, अगदी मधोमध आहे. ती दायाँवर मधोमध असते, डग्ग्यावर एका बाजूला. काळा कागद गोल कापून चिकटवलात की झालं. पाचव्या फोटोत डग्गा बाहुलीच्या उजव्या हाताला आला आहे. ती डावरी नसेल तर तो डाव्या हाताला हवा. पेटीवर काळ्या पट्ट्या सलग एकीआड एक रंगवल्या आहेत. खऱ्या पेटीवर त्या दोन आणि तीन अशा गटांनी येतात. ज्यांचा जन्म पेटीवर बोटं ठेवण्यात गेला, त्यांना ही चूक शुद्धलेखनाच्या चुकीसारखी दिसते. आणि हे शहर भैया गणपतरावांचं. ज्या पेटीवर त्यांनी ठुमरीचं अंग वाजवून दाखवलं, तिच्या पट्ट्या तरी या गावात बरोबर असाव्यात.

म्हणून वन्संशी वाद घालू नका. छंद म्हणजे थट्टा नव्हे, हे समजावत बसू नका. झाबुआच्या बाहुल्या घडवणाऱ्या रमेश आणि शांती परमार या दांपत्याला २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, हेही ऐकवू नका. हे सगळं खरं आहे, पण त्याने वन्सं फक्त गप्प होतील. त्याऐवजी एक बाहुली आणि सतार घेऊन त्यांच्या खोलीत जा आणि विचारा, "वन्सं, हिचा उजवा अंगठा कुठे टेकवू?"

त्यांचा मूळ विषय गाणं असेल, सतार नसेलही. तरी त्या वर्गात वावरलेल्या बाईला हे माहीत असतं की सतारीचा भोपळा कुठे टेकतो, दांडी तिरपी वर जाते, उजव्या हाताचा पुढचा भाग भोपळ्यावर विसावतो, अंगठा दांडीच्या मुळाशी टेकतो आणि तर्जनीत मिजराब, म्हणजे तारेची नखी, असते. त्या सांगतील. सांगता सांगता बाहुली हातात घेतील. कापडी बाहुलीच्या हातात आतून बारीक तार घालून ठेवा, म्हणजे त्यांनी वळवलेलं कोपर तसंच राहील. बोटं वाद्याला टेकून राहावीत म्हणून तीळभर चिकट पुट्टी पुरे.

माझा एक अनुभव सांगते, त्यावरून विषय निवडणं सोपं जाईल. बाहुली हलत नाही. म्हणून जोरात तबला वाजवतानाचा हात, तान घेतानाचं उघडं तोंड असं काही तिला करायला लावलं की ती गोठल्यासारखी दिसते. कलाकार स्वतःच स्तब्ध असतात असे क्षण निवडा. तंबोरा जुळवताना खुंटीवर हात ठेवून कान तारेशी नेलेला. पहिला सा लागण्याआधीची शांतता. कार्यक्रम संपल्यावर वाद्याला गवसणी चढवणं. आणि सगळ्यांत सुंदर म्हणजे मागे बसून तंबोरा छेडणारी शिष्या. डिसेंबरात हजिरा भागात तानसेन समारोहाला बसाल तेव्हा या वेळी मुख्य कलाकाराकडे थोडं कमी आणि मागे बघा. तास-तासभर ती मुलगी बोटांपलीकडे काही हलवत नाही, पण तिच्या चेहऱ्यावर सगळा राग चाललेला असतो. ही भूमिका बाहुलीसाठीच आहे.

त्यासाठी तुमच्याकडे तंबोरा नाही, तो करावा लागेल. बाजारातून लहानात लहान कवठ आणा, दोन-सव्वादोन इंचांचं. करवतीच्या पात्याने एक तृतीयांश कापा, गर खाऊन टाका, करवंटी आठ दिवस सावलीत वाळवा. हा भोपळा. दांडीला डॉक्टर जीभ दाबायला वापरतात ती लाकडी पट्टी घ्या. एकीवर एक अशा दोन चिकटवून कडा घासल्या की पोकळ दांडीसारखी जाडी येते. तोंडावर पातळ प्लायचा तुकडा, घोडीला आइसक्रीमच्या काडीचा कपटा, खुंट्यांना गुल काढलेल्या आगकाड्या. तारांसाठी मोटर वाइंडिंगवाल्याकडची बारीक तार, चारच. तंगूस वापरू नका, तिच्यावर धातूसारखा उजेड चमकत नाही. बायकांचा तंबोरा चार फुटांच्या आत-बाहेर असतो. त्याला सहाने भागायचं की साडेसाताने, ते कोणाच्या हाती देता त्यावर ठरवा.

तबलीला (भोपळ्याच्या तोंडावरच्या फळीला) गोलाई किती, भोपळा दांडीला कसा मिळतो, हे फोटोवरून नीट कळत नाही. एक दिवस वन्संना घेऊन जीवाजीगंजात सरोद घरात जा. उस्ताद हाफिज अली खाँसाहेबांचं घर ते, आता वाद्यांचं संग्रहालय आहे. वाद्यांसमोर वही घेऊन बसा, मापं डोळ्यांनी घ्या. सरोदला पडदे नसतात, दांडीवर गुळगुळीत धातूचा पत्रा असतो आणि नारळाच्या करवंटीच्या तुकड्याने, जव्याने, तारा छेडतात, हे तिथे उभं राहून पाहिलंत की तुम्ही कधीच सरोदवर रेघा मारून पडदे काढणार नाही.

सोडावं का, असं विचारलंत. ट्रंक उघडून दोन वर्षं होत आली आणि तुम्ही अजून आईच्या बाहुल्या हाताळताहात, त्यांच्यासाठी मेळ्यात सतार शोधताहात. हे सोडायचं कारण मला दिसत नाही.

चंदेरीचा सगळ्यांत जीर्ण तुकडा साडीला वापरू नका, त्याची तंबोऱ्याला गवसणी शिवा, नाडीसकट. पुढच्या रविवारी पहिला फोटो तोच घ्या: गवसणी अर्धी उतरवलेली, बाहुलीचा एक हात खुंटीवर, मान तारांकडे. कान किती जवळ न्यायचा, ते वन्सं ठरवतील. त्यांनी मान वळवून दिली की तिला पुन्हा हात लावू नका, आहे तसा फोटो काढा आणि मला पाठवा.